बाळंतपण कुठे करायचं? रात्री दोन वाजताचे दोन प्रश्न

सातव्या महिन्यात ओटी भरून होते, डोहाळजेवणाचे फोटो सगळ्या नातेवाइकांपर्यंत पोचतात, आणि मग बायकांच्या घोळक्यात कुणीतरी विचारतं, "मग बाळंतपण कुठे?" उत्तर बहुधा एका शब्दाचं असतं : "माहेरी." पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत. त्यात शहाणपण आहे. आईपाशी लेकीला मोकळेपणी रडता येतं, लोळत पडता येतं, "मला हे नको" म्हणता येतं. पण माहेर म्हणजे फक्त गाव ठरलं. दवाखाना अजून ठरायचाच असतो, आणि तो ठरतो कसा, तर मावशीचं तिथे झालं होतं, मामांची डॉक्टरांशी ओळख आहे, इमारत नवी आहे, स्पेशल रूममध्ये एसी आहे.

माझ्या भाचीच्या वेळी आमच्या घरीही हेच चाललं होतं. तेव्हा तिच्या सासूबाई फक्त ऐकत बसल्या होत्या. त्यांची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यातल्या लेबर रूममध्ये गेलेली. आमचं बोलणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "रात्री दोन वाजता काही बिनसलं, तर तिथे कोण येणार आणि किती मिनिटांत? आणि काहीच बिनसलं नाही, तर रात्रभर तिच्याजवळ कोण बसणार?"

आम्ही गप्प झालो, कारण दोन्हींची उत्तरं आमच्याकडे नव्हती. पुढच्या महिनाभरात ती शोधताना जे कळलं, ते इथे लिहिते आहे. हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि बऱ्याचदा त्यांची उत्तरं एकमेकांच्या उलट दिशेला जातात. म्हणूनच निवड अवघड होते.

बिनसलं तर

बहुतेक बाळंतपणं सुरळीत होतात. ढोबळ हिशेब असा सांगतात की शंभर गरोदर बायकांपैकी साधारण १५ जणींना अशी काही अडचण येते जिला तज्ज्ञांचे उपचार लागतात. त्यातल्या काही आधीच ओळखता येतात : जुळं, पायाळू किंवा आडवं मूल, वार खाली सरकलेली, आधीचं सिझर, वाढलेलं बीपी, शुगर, हृदयाचा आजार, ७ च्या खाली गेलेलं हिमोग्लोबिन. आधीच्या वेळी खूप रक्त गेलं असेल किंवा मूल दगावलं असेल, तर तेही यातच धरायचं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हेही बघायला हवं. यांपैकी काहीही असेल तर पुढचा बराचसा विचार सोपा होतो. मोठं रुग्णालयच गाठायचं, खोली कशीही असो.

पण उरलेल्या काही जणींची अडचण कळा सुरू झाल्यावर किंवा बाळ बाहेर आल्यावरच कळते. नऊ महिने सगळे रिपोर्ट छान असलेल्या बाईलाही प्रसूतीनंतर रक्तस्राव होऊ शकतो. हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. दिवस भरताना गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती बंद कोण करतं? गर्भाशयाचे स्नायूच. ते आवळले जातात आणि त्यांच्या जाळीत सापडलेल्या रक्तवाहिन्या चिमटल्या जातात. म्हणून प्रसूतीनंतर नर्स पोटावर हात ठेवून गर्भाशय कडक झालं का बघते. ते पिलपिलीत राहिलं तर रक्त थांबत नाही, आणि धडधाकट बाईसुद्धा दोनेक तासांत जाऊ शकते.

उपचार पायरीपायरीने होतात. पहिली पायरी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आणि गर्भाशय चोळणं. ही प्राथमिक आरोग्य केंद्रातली प्रशिक्षित नर्सही करते, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर आणखी औषधं, आत फुगा घालून दाब देणं, रक्त चढवणं, आणि शेवटी ऑपरेशन. रक्त आणि ऑपरेशन थिएटर प्रत्येक ठिकाणी नसतं. म्हणजे आपण निवडलेल्या जागी यातल्या कितव्या पायरीपर्यंत सोय आहे आणि पुढची पायरी किती मिनिटांवर आहे, एवढंच विचारायचं असतं.

बाळाच्या बाबतीतही असंच. जन्मल्यावर बाळ रडलं नाही, तर पहिल्या मिनिटातच त्याला पुसून, चेतवून, गरज पडली तर मास्क-पिशवीने श्वास द्यावा लागतो. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. हे येणारं माणूस त्या खोलीत, त्याच क्षणी हजर असावं लागतं. बालरोगतज्ज्ञ फोन करून अर्ध्या तासाने आले, तरी ते पहिलं मिनिट गेलेलं असतं. उलट बाळ फार आधी जन्मलं, वजनाने अगदी कमी भरलं, तर त्याला दिवसचे दिवस पेटीत ठेवणारा नवजात अतिदक्षता विभाग लागतो. तो जिल्हा रुग्णालयात, मेडिकल कॉलेजात किंवा शहरातल्या काही खाजगी रुग्णालयांत मिळतो.

आणि तिसरी गोष्ट सिझर. बाळाचे ठोके अचानक घसरले, तर निर्णय झाल्यापासून साधारण ३० मिनिटांत बाळ बाहेर यावं, असं मानक आहे. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ पुरेसे नाहीत. भूलतज्ज्ञ हवेत. आपल्याकडे तालुक्याच्या गावात खरी टंचाई त्यांचीच असते.

सरकारी पायऱ्या

आपली सरकारी व्यवस्था अनेकांना एकच वाटते, "सरकारी म्हणजे सरकारी." प्रत्यक्षात ती जिना आहे आणि आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत हे माहीत असणं फार महत्त्वाचं.

गावातल्या उपकेंद्रात नर्सबाई असतात. त्यांनी कुशल प्रसूती सहाय्यकाचं प्रशिक्षण घेतलेलं असेल तर साधी प्रसूती त्या करू शकतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आणि स्टाफ नर्स असतात. तिथे सिझर होत नाही आणि रक्त मिळत नाही. ग्रामीण रुग्णालय सहसा ३० खाटांचं. तिथे सिझर होतं की नाही, हे डॉक्टरांच्या जागा भरलेल्या आहेत की नाहीत यावर ठरतं. त्याच्या वर उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय किंवा स्त्री रुग्णालय, आणि सगळ्यात वर वैद्यकीय महाविद्यालयं. मुंबईत कामा, केईएम, सायन, नागपुरात डागा, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीचं मेडिकल कॉलेज. या ठिकाणी रात्री दोन वाजताही डॉक्टर इमारतीत जागे असतात, आणि अवघडातली अवघड केस शेवटी यांच्याच दारात येते.

सरकारी भाषेत एक शब्द आहे, प्रथम संदर्भ केंद्र. ही पाटी फार कामाची आहे. जिथे चोवीस तास सिझर, नवजात बाळाची काळजी आणि रक्त साठवण्याची सोय, अशा तिन्ही गोष्टी आहेत, ते प्रथम संदर्भ केंद्र. पण पाटी आहे म्हणून समाधान मानू नका. आशाताईंना किंवा तिथल्या नर्सना सरळ विचारा, "गेल्या महिन्यात इथे रात्रीची सिझर झाली का? की पुढे पाठवावं लागलं?" त्यांना खरं माहीत असतं आणि विश्वासाने विचारलं तर त्या सांगतात.

खर्चाचं इथेच सांगते. १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि दवाखान्यातलं जेवण मोफत आहे. घरून नेणं, पुढच्या दवाखान्यात हलवणं आणि परत घरी सोडणंही मोफत. आजारी बाळाच्या उपचारांनाही हेच लागू आहे. हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. बाहेरून औषधं आणायची चिठ्ठी हातात पडली, तर या कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारायला हरकत नसते. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये आणि दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जाती-जमातीच्या आयांसाठी जननी सुरक्षा योजनेची रक्कम वेगळी. त्यासाठी आशाताईंकडे नोंदणी लवकर करायची.

खाजगी, पण कसलं खाजगी?

शहरांत आणि आता तालुक्यालाही बहुतेक मध्यमवर्गीय घरांचा ओढा खाजगीकडे असतो. त्याची कारणं मला कळतात. डॉक्टर एकच, ओळखीच्या. खोलीत आई सोबत. कुणी वसकन अंगावर येत नाही. सरकारी लेबर रूममध्ये कळा देणाऱ्या बाईवर ओरडणं, तिला घालूनपाडून बोलणं, एका खाटेवर दोघी असणं हे आपल्या बायकांनी सोसलं आहे, आणि त्याचा राग येणं रास्त आहे. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रम आणला, तो लेबर रूमचा दर्जा आणि तिथली सन्मानाची वागणूक यांसाठीच. ज्या रुग्णालयाला त्याचं प्रमाणपत्र मिळालं आहे, तिथे निदान या गोष्टी तपासल्या गेलेल्या असतात.

पण खाजगी म्हणजेही एक वस्तू नाही. एका टोकाला पंधरा-वीस खाटांचं, नवरा-बायको डॉक्टरांनी चालवलेलं नर्सिंग होम. खाली दवाखाना, वर घर. दुसऱ्या टोकाला शंभर-दोनशे खाटांचं मोठं रुग्णालय. छोट्या ठिकाणची जमेची बाजू अशी की डॉक्टर रात्री दोन मिनिटांत जिना उतरून येतात आणि त्यांना तुमचं नाव, तुमची भीती, तुमचे रिपोर्ट सगळं पाठ असतं. उणी बाजू अशी की भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, बालरोगतज्ज्ञ बाहेरून येतात, रक्त बाहेरून येतं, आणि बाळाला पेटी लागली तर बाळच बाहेर जातं. मग आई एका दवाखान्यात, बाळ दुसऱ्या, बाबा मधल्या रस्त्यावर. मोठ्या ठिकाणी हे सगळं एका छताखाली असतं, पण नऊ महिने ज्यांनी तपासलं त्या डॉक्टर त्या रात्री असतीलच याची खात्री नसते. ड्युटीवर असेल त्याच्या हाती आपण असतो.

म्हणून तपासणीला गेल्यावर विचारायला लाजू नका. भूलतज्ज्ञ कोण येतात आणि रात्री यायला किती वेळ लागतो? रात्री इमारतीत राहणारे डॉक्टर कोण, त्यांची पदवी कोणती? तुम्ही स्वतः गावाला गेलात तर तुमच्या जागी कोण? रक्त कुठल्या रक्तपेढीतून आणता? बाळाला पुढे न्यावं लागलं तर कुठे, आणि तिथे जागा मिळेल याची कशी खात्री? चांगल्या डॉक्टरांना हे प्रश्न आवडतात. माझ्या भाचीच्या डॉक्टरांनी तर कागद ओढून नकाशाच काढून दिला. जिथे हे विचारल्यावर "तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?" असं ऐकू आलं, तिथून आम्ही गोड बोलून निघालो.

पैशांचंही लेखी घ्या. 'पॅकेज'मध्ये भूलतज्ज्ञांची फी आहे का, बालरोगतज्ज्ञांची आहे का, नॉर्मल ठरलेलं सिझर झालं तर किती, बाळ पेटीत राहिलं तर रोजचे किती. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खाजगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावायची आहे. ती भिंतीवर शोधा. आरोग्य विमा असेल तर बाळंतपणासाठी प्रतीक्षेचा काळ किती, आणि नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का, हे दोन मुद्दे आधीच वाचून ठेवा. आणखी एक : जीव वाचवण्यासाठी लागणारे तातडीचे उपचार देणं हे सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केलं आहे. डिपॉझिटची पावती त्यानंतर.

सिझरचा आकडा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या २१.५ टक्के प्रसूती सिझरने झाल्या. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के आणि खाजगीत ४७.४ टक्के होतं. महाराष्ट्राचं एकूण प्रमाण २५.४ टक्के. सिझर योग्य वेळी झालं तर जीव वाचवतं, यात शंका नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं आहे की एखाद्या समाजात हे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेलं, की त्यापुढे माता आणि बालमृत्यू कमी होताना दिसत नाहीत.

खाजगीतल्या बायका सरासरीने वयाने मोठ्या असतात, काही अवघड केसेस तिथे मुद्दाम जातात, कुणी स्वतःच सिझर मागतं, कुणाचे सासरे मुहूर्त काढून आणतात. हे सगळं धरलं तरी १४ आणि ४७ यांतलं अंतर भरून निघत नाही. नॉर्मल प्रसूतीला बारा-पंधरा तास जागं बसावं लागतं. सिझर तासाभरात उरकतं आणि पैसेही जास्त मिळतात. ज्या डॉक्टरच्या मदतीला रात्रीची दुसरी डॉक्टर नाही, प्रशिक्षित सुईण नाही, त्यांचाही कल हळूहळू तिकडे झुकतो. म्हणजे दोष एकट्या माणसाच्या हेतूचाच असतो असं नाही. कामाची मांडणीच तशी आहे.

म्हणून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा : "तुमच्याकडे येणाऱ्या दहा पहिलटकरणींपैकी, ज्यांना आधी काही त्रास नव्हता, किती जणींचं सिझर होतं?" आकडा सांगणारे डॉक्टर मोजतात, आणि मोजणारे विचार करतात. सोबत हेही विचारा की आधी एक सिझर झालेल्या बाईला पुढच्या वेळी नॉर्मलची संधी देता का. तिथे आणीबाणीचं सिझर लगेच करण्याची तयारी असल्याशिवाय ही संधी देणं सुरक्षित नसतं, त्यामुळे या उत्तरातून त्या रुग्णालयाची खरी ताकद कळते.

बिनसलं नाही तर

आता दुसरा प्रश्न. हा आपल्याकडे जवळजवळ कुणीच विचारत नाही.

कळांचे तास लांब असतात. पूर्वी समजत असत की गर्भाशयाचं तोंड दर तासाला एक सेंटिमीटर उघडायलाच हवं, नाहीतर काहीतरी चुकतंय. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेने हे मोडीत काढलं. खऱ्या जोराच्या कळा ५ सेंटिमीटरपासून धरायच्या. त्याआधीचा काळ किती चालेल याला ठरावीक माप नाही. आणि ५ पासून पूर्ण उघडेपर्यंत पहिलटकरणीला बारा तासही लागू शकतात. आई आणि बाळाची तब्येत ठीक असेल तर नुसतं "हळू चाललंय" म्हणून घाई करायची नाही. याच सूचना सांगतात की सरसकट टाक्याचा छेद घ्यायचा नाही, बाळ बाहेर येताना पोटावर जोर देऊन दाबायचं नाही, बाईला हवं तसं चालू-फिरू-बसू द्यायचं, पाणी पिऊ द्यायचं. आपल्या किती लेबर रूममध्ये हे होतं, ते तिथे नुकत्याच बाळंत झालेल्या दोघी-तिघींना विचारून बघा. जाहिरातीपेक्षा त्यांचं बोलणं खरं.

या तासांत सगळ्यात जास्त उपयोग कशाचा होतो? सोबतीचा. कळा देणाऱ्या बाईजवळ सतत कुणीतरी असणं, पाठ चोळणं, धीर देणं, घोटभर पाणी पाजणं याचा अभ्यास जगभर झाला आहे. २६ चाचण्या, पंधरा हजारांहून जास्त बायका. सतत सोबत मिळालेल्यांच्या कळा थोड्या कमी वेळ चालल्या, नॉर्मल प्रसूती जास्त झाल्या, सिझर कमी लागली. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांतही एक सोबतीण लेबर रूममध्ये असू द्यावी असं सांगितलं. तरी "बाहेर थांबा" हे शब्द अजून ऐकू येतात. म्हणून आधीच विचारा, आणि सोबत कोण जाणार तेही आधीच ठरवा. आईच हवी असं नाही. लेकीच्या कळा बघून जिचा धीर सुटतो, ती आई बाहेर देवाचं नाव घेत बसलेली बरी. आमच्याकडे भाचीने सासूबाईंना आत घेतलं.

सोबत म्हणजे सुईण नव्हे, हेही सांगायला हवं. आपल्या जुन्या सुईणींकडे माया होती, हात होते, रात्रभर बसायची चिकाटी होती. पण रक्त थांबवायला त्यांच्याकडे औषध नव्हतं, आणि कितीतरी बायका त्यात गेल्या. दोन्ही एका माणसात हवं, तर ती प्रशिक्षित सुईण, म्हणजे साध्या प्रसूती स्वतः करणारी आणि अवघड केस वेळीच ओळखून डॉक्टरांकडे सोपवणारी परिचारिका. युरोपातल्या अनेक देशांत साधं बाळंतपण त्याच करतात. आपल्याकडे डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने अशा परिचारिकांसाठी १८ महिन्यांच्या प्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्या आपल्या तालुक्यापर्यंत पोचाव्यात असं मला मनापासून वाटतं, कारण रात्री दोनच्या दोन्ही प्रश्नांना पुरी पडणारी तीच एक व्यक्ती आहे.

हल्ली मुंबई-पुण्यात काही जोडपी घरीच बाळंतपण करण्याचा विचार करतात आणि इंग्लंडचा दाखला देतात. तो दाखला नीट वाचावा. तिथे २०११ मध्ये साठ हजारांहून जास्त कमी-धोक्याच्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुसऱ्या किंवा पुढच्या खेपेच्या आयांना घरी बाळंत होण्याने बाळाचा धोका वाढला नाही. पण पहिलटकरणींच्या बाळांना गंभीर त्रास होण्याचं प्रमाण रुग्णालयात हजारी ५.३ होतं, ते घरी ९.३ झालं, आणि घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे ४५ टक्के जणींना मध्येच रुग्णालयात हलवावं लागलं. तेही कुठे? जिथे नोंदणीकृत सुईण घरी येते आणि रुग्णवाहिका व रुग्णालय यांची साखळी तयार असते तिथे. लंडनला राहणाऱ्या आपल्या लेकी दुसऱ्या वेळी हा पर्याय निवडत असतील तर तो विचार करण्यासारखा आहे. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर, खाली गाड्या लावलेल्या गल्लीत, ती साखळी नाही. इथे मी तरी नाहीच म्हणेन.

मधला रस्ता

मातामृत्यू का होतात याची मांडणी करताना सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये 'तीन उशीर' सांगितले : जायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. तिसरा दवाखान्याच्या हातात असतो. पहिले दोन घराच्या.

पहिला उशीर बहुतेक वेळा "ह्यांना विचारून सांगते" या वाक्यात दडलेला असतो. नवरा कामावर, सासरे शेतात, निर्णय अडकलेला. तेव्हा आधीच ठरवून ठेवायचं की अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं जोरात दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, झटका आला, ताप भरला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर घरात जो कोणी असेल त्याने निघायचं, परवानगी नंतर. दुसऱ्या उशिरासाठी दोन नंबर : गरोदर बाईला नेण्या-आणण्यासाठी १०२, आणि आणीबाणीत डॉक्टर असलेली रुग्णवाहिका १०८. दुर्गम आदिवासी भागात आरोग्य केंद्राजवळ 'माहेरघर' असतं. तारखेच्या काही दिवस आधीच तिथे सोबतीसह येऊन राहता येतं. पावसाळ्यात नदीपलीकडच्या पाड्यावरून कळा सुरू झाल्यावर झोळीतून निघण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आणि माहेरी जाताना एक मोठी फट पडते, तिच्याबद्दल जास्त बोललं जात नाही. सात महिने पुण्यात तपासणी, आठव्यात बाई सोलापूरला. नव्या डॉक्टरांना तिचं काहीच ठाऊक नाही. बीपी पहिल्यापासून किती होतं, थायरॉइडची गोळी कधी वाढवली, रक्तगट निगेटिव्ह असल्याने दिलेलं इंजेक्शन कधीचं, हे फाइलमध्ये असतं आणि फाइल सासरच्या कपाटात. माता-बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट बरोबर न्या आणि मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा. जमलं तर पाचव्या-सहाव्या महिन्यात माहेरच्या डॉक्टरांची एक भेट घेऊन ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी असते, तीही माहेरच्या गावात करता येते. तिथे कार्डावर लाल खूण झाली, तर ती जोखमीची. त्या दिवसापासून छोट्या दवाखान्याचा विचार सोडा.

बाळ घरी आल्यावर

नॉर्मल प्रसूतीनंतरही निदान ४८ तास दवाखान्यात राहायला हवं. खाट रिकामी करायची म्हणून किंवा घरी पाहुणे यायचेत म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी निघू नका. रक्तस्राव आणि बाळाचा त्रास या दोन्हींचा मोठा धोका याच दोन दिवसांत असतो.

त्यानंतरची सेवा कोण देणार, हाही निवडीचाच भाग. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिथे नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. आज आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळाचं वजन करतात, तापमान बघतात, दूध ओढतं का विचारतात, ते याच कामातून आलेलं आहे. बाळंतपण खाजगीत झालं तरी आशाताईंना बोलावता येतं. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू सगळं होऊ द्या, पण त्या आल्या की बाळ त्यांच्या हातात द्या.

आमच्या भाचीचं बाळंतपण शेवटी तालुक्याच्या एका नर्सिंग होममध्ये ठरलं. जिल्हा रुग्णालय तिथून वीस मिनिटांवर, भूलतज्ज्ञ त्याच गल्लीत राहणारे. तारखेच्या तीन आठवडे आधी विहीणबाईंनी जावयाला रात्री साडेअकराला गाडी काढायला लावली. घरापासून नर्सिंग होम आणि तिथून जिल्हा रुग्णालय, दोन्ही अंतरं घड्याळ लावून बघायची होती. पहिल्याच वळणावर रेल्वे फाटक लागलं आणि मालगाडी जाईपर्यंत ते चौदा मिनिटं बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने पुलाखालचा कच्चा रस्ता शोधून काढला, आणि कपाटाच्या दारावर फोन नंबरांच्या कागदाशेजारी त्या रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा चिकटवला.